केग्विन, रिचर्ड

केग्विन, रिचर्ड : ( ? – २१ जून १६९०). सतराव्या शतकातील इंग्रज आरमारी व लष्करी अधिकारी आणि १६८३-८४ मधील मुंबई बेटाचा बंडखोर गव्हर्नर. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास असलेल्या कॉर्नवॉल परगण्यातील पेन्झान्स येथील एका प्रतिष्ठित घराण्यात त्याचा जन्म झाला. त्याची आई गोडॉल्फिन या तेथील मातब्बर कुलातील होती. तो तरुणपणीच राजाच्या आरमारात दाखल झाला. डचांनी घेतलेले अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेट इंग्रजांनी मे १६७३ मध्ये परत मिळविले. त्या मोहिमेत किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीचे नेतृत्व केग्विनने केले आणि त्यानंतर सुमारे वर्षभर त्या बेटाचा कारभार पाहिला. १६७६ मध्ये तो मुंबईस आला.

मुंबई बेट पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहाच्या निमित्ताने १६६१ च्या करारान्वये दुसऱ्या चार्ल्सला मिळाले होते. त्याने ते १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. बेटावरील शिबंदीत मूळचे राजाचे शिपाई होते. त्यांची निष्ठा कंपनीपेक्षा राजाकडे अधिक होती. कंपनीचे पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणे मात्र सुरतेस होते आणि सुरत मोगलांच्या अंमलाखाली होती. मोगलांचा आश्रित असलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दीला दुखविणे कंपनीला त्यामुळे परवडत नसे. पावसाळ्यात सिद्दीचे आरमार माझगावात नांगर टाकून राही व त्याची माणसे रहिवाशांना उपद्रव देत. दुसरीकडे बेटावरील लोकांचे धान्य आणि जळाऊ लाकूड बऱ्याच अंशी समोरच्या मुलखातून येई आणि त्यातील पुष्कळसा मुलूख मराठ्यांच्या ताब्यात होता. व्यापारासाठी मोगलांची मर्जी आणि निर्वाहासाठी मराठ्यांची मैत्री, अशा दुहेरी पेचात मुंबई सापडली होती. केग्विनच्या पुढील कारकिर्दीचा उलगडा या पेचातून होतो.

मुंबईच्या दक्षिणेस, रायगड जिल्ह्यातील थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी व उंदेरी ही दोन लहान बेटे आहेत. मुंबई बंदरात येणारी-जाणारी जहाजे खांदेरीवरून न्याहाळता येत. शिवाय तेथून सिद्दीच्या हालचालींवरही नजर ठेवता येई. छत्रपती शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधण्याचा विचार पूर्वीच केला होता. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी याने माणसे व सामग्री बेटावर उतरवून तटबंदीस आरंभ केला. इंग्रजांनी या बेटावर आपला हक्क सांगून विरोध केला. सप्टेंबरमध्ये लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. त्यात तो व त्याचे काही शिपाई ठार झाले. यानंतर कॅप्टन विल्यम मिंचिन व केग्विन यांना रिव्हेंज या लढाऊ जहाजासह खांदेरीच्या नाकेबंदीवर धाडण्यात आले.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांची सुमारे पन्नास गलबते किनाऱ्याकडून एकाएकी इंग्रजांवर चालून आली. इंग्रजांजवळ रिव्हेंजखेरीज गुराबा, शिबाडे व मचवे धरून सात लहान जहाजे होती. डव्ह नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली व बहुतेक लहान जहाजे पळाली. एकटे पडलेले रिव्हेंज मात्र टिकून राहिले. केग्विन व मिंचिन यांनी तोफांचा मारा इतक्या नेटाने केला, की मराठी गलबतांना खाडीकडे परतावे लागले. इंग्रज इतिहासकारांनी या चकमकीचा गौरव केला आहे आणि केग्विनचे व्यक्तिगत शौर्य निर्विवाद आहे. तथापि मोहिमेचा निकाल या लढाईने लागला नाही. इंग्रजांची मोठी जहाजे खोल पाण्यात प्रबळ ठरत. परंतु वल्ह्यांवर चालणाऱ्या हलक्या मराठी होड्या रात्रीच्या अंधारात नाकेबंदी चुकवून थळहून बेटावर रसद व बांधकामाचे सामान पोहोचवीत राहिल्या. पुढे सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीस आले. पण त्याला ते बेट स्वतःसाठी हवे आहे, हे लवकरच उघड झाले. १६८० च्या आरंभी सिद्दीने उंदेरी व्यापली, इंग्रजांनी मराठ्यांशी समेट केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

केग्विनला पुढे मुंबईच्या सल्लागार मंडळात स्थान मिळाले. परंतु तो सन्मान टिकला नाही. लंडनमध्ये जोसाया चाइल्ड व सुरतेस जॉन चाइल्ड यांच्या प्रभावाखालील कंपनीने लष्करी खर्चात कडक काटकसर आरंभिली होती. शिबंदी कमी झाली, शिपायांच्या व अधिकाऱ्यांच्या प्राप्तीला कात्री लागली आणि केग्विनचे मंडळातील स्थानही गेले. छत्रपती संभाजी महाराज व सिद्दी यांच्यातील युद्धाची झळ मुंबईला पोहोचत असताना बेटाचे संरक्षण दुबळे होणे अनेकांना धोक्याचे वाटू लागले. २७ डिसेंबर १६८३ रोजी केग्विनने दुय्यम गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड व त्याच्या सहकाऱ्यांना कैद केले. कंपनीची सत्ता संपली असून बेट राजाच्या नावाने ताब्यात घेतले आहे, असे त्याने जाहीर केले. शिपाई व रहिवासी यांनी त्याला गव्हर्नर निवडले. केग्विनने राजाकडे पत्रे पाठवून कंपनीच्या कारभाराविरुद्ध तक्रारी मांडल्या. बंदरातील कंपनीच्या जहाजावरील खजिना त्याने किल्ल्यात आणून ठेवला व तो बेटाच्या रक्षणाखेरीज अन्य कामी खर्च होणार नाही, असे जाहीर केले.

सुमारे अकरा महिने केग्विनने मुंबईचा कारभार पाहिला. सुरतेच्या व्यापाराचे ओझे त्याच्यावर नव्हते. त्यामुळे कंपनीला जे साधले नव्हते ते त्याला करता आले. सिद्दीच्या आरमाराला त्याने माझगावात थारा नाकारला. तसेच हेन्री गॅरी व टॉमस विल्किन्स यांना वकील म्हणून संभाजी महाराजांकडे पाठवून १६८४ मध्ये तह केला. या तहाने इंग्रजांना मराठ्यांच्या मुलखात, विशेषतः कर्नाटकात, व्यापाराच्या सवलती मिळाल्या. इंग्रजांनी आपल्या प्रजेतील कोणासही गुलाम किंवा ख्रिस्ती करण्यासाठी विकत घेऊ नये, अशी अट संभाजी महाराजांनी तहात घातली. माणसांची खरेदी-विक्री किनाऱ्यावरील बंदरांत सर्रास चालू असलेल्या त्या काळात ही अट लक्षणीय होय. चार-पाच वर्षांपूर्वी खांदेरीच्या समुद्रात मराठी गलबतांवर तोफा डागणारा अधिकारी आता रायगडच्या राज्यकर्त्याशी सख्य जोडीत होता. त्यामागे मतपरिवर्तनापेक्षा अनुभव अधिक होता : समोरचा किनारा वैरी ठेवून मुंबई राखता येत नाही, हे खांदेरीच्या नाकेबंदीत त्याने प्रत्यक्ष पाहिले होते.

राजाने मात्र कंपनीची बाजू घेतली. राजाज्ञा घेऊन सर टॉमस ग्रँथम नोव्हेंबर १६८४ मध्ये मुंबईस आला. केग्विनने स्वतःला व साथीदारांना माफीचे अभिवचन मिळवून बेट व खजिना त्याच्या स्वाधीन केला. राजाच्या नावाने उठलेला माणूस राजाच्याच आज्ञेने खाली बसला. तो इंग्लंडला परतला व पुन्हा राजाच्या आरमारात रुजू झाला. वेस्ट इंडीजमधील सेंट क्रिस्टोफर बेटावर फ्रेंचांविरुद्धच्या चढाईत, सैनिकांच्या अग्रभागी असताना, तो धारातीर्थी पडला.

बंडानंतर कंपनीने १६८७ मध्ये आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस आणले. जॉन चाइल्डने मोगलांशी वैर ओढवून घेतल्यामुळे १६८९ मध्ये सिद्दी याकूतने मुंबईवर स्वारी करून किल्ल्याला वेढा घातला. औरंगजेबाची क्षमा मागून व दंड भरून कंपनीला सुटका करून घ्यावी लागली. केग्विनने वर्तविलेला धोका अशा रीतीने खरा ठरला. सिद्दीने मुंबई सोडली ती जून १६९० मध्ये. त्याच महिन्यात केग्विनचा अंत झाला होता.

केग्विनच्या बंडामागे पगार व मानमरातब यांविषयीचा असंतोष होता, हे नाकारता येत नाही. तरीही सत्ता हाती असताना त्याने खजिन्याचा अपहार केला नाही आणि शेजारी सत्तेशी व्यवहार्य धोरण आखले, ही त्याच्या कारकिर्दीची जमेची बाजू होय. खांदेरीचा किल्ला १८१८ पर्यंत, मधला काही काळ वगळता, मराठ्यांच्या ताब्यात राहिला. १९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या अन्य किल्ल्यांबरोबर खांदेरीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत झाला.