पुतळीचे मोल

सोन्याच्या पातळ चकत्या एकीशेजारी एक ओवून केलेली पुतळ्यांची माळ महाराष्ट्रात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. आजच्या माळेतील चकतीवर बहुधा लक्ष्मी असते आणि ती सोनाराने ठशावर उठवलेली असते. परंतु ज्या मूळ नाण्यावरून या दागिन्याला रूप आणि नाव मिळाले, त्यावर लक्ष्मी नव्हती. त्याच्या एका बाजूस व्हेनिसचा राज्यप्रमुख, म्हणजे डोजे, गुडघे टेकून संत मार्कच्या हातून ध्वज स्वीकारीत आहे. दुसऱ्या बाजूस बदामाच्या आकाराच्या तेजोवलयात, ताऱ्यांच्या मध्ये, प्रभू ख्रिस्त उभा आहे; एका हाती शुभवर्तमान, दुसरा हात आशीर्वादासाठी उंचावलेला. मराठी स्त्रीने ख्रिस्ताची ही प्रतिमा गळ्यात घातली, ती बहुतेक वेळा ख्रिस्ताची आहे हे ठाऊक नसताना.

अशी अस्सल पुतळी एखाद्या जुन्या पेटीत सापडली, की घरात पहिला प्रश्न उठतो तो किमतीचा. त्याला सोनार एक उत्तर देतो, नाण्यांचा संग्राहक दुसरे. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. त्यांच्यात हे अंतर का पडते, हे समजण्यासाठी नाण्याच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

फ्लॉरेन्सने 1252 मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची मूर्ती असलेला सोन्याचा फ्लोरिन काढला. त्याच्याशी बरोबरी साधण्यासाठी व्हेनिसने 1284 मध्ये, जोव्हान्नी दांदोलो डोजे असताना, आपले सुवर्णनाणे पाडण्याचा ठराव केला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. म्हणजे एका तोळ्यात अशी तीन नाणी बसून वर थोडे सोने उरे. कस शंभरात साडेनव्याण्णवाच्या आसपास, आपल्या भाषेत बावनकशी. ख्रिस्ताच्या भोवती लॅटिनमध्ये जो मजकूर आहे तो खरोखर एक प्रार्थना आहे: हे ख्रिस्ता, ज्या राज्यावर तुझीच सत्ता आहे ते हे राज्य तुला अर्पण असो. या मजकुराचा शेवटचा शब्द ‘दुकातुस’, म्हणजे डोजेचे राज्य. त्यावरूनच नाण्याला ‘डुकाट’ म्हणू लागले. पुढे त्याला ‘झेकीनो’ असेही नाव मिळाले. हे नाव व्हेनिसच्या टांकसाळीवरून, ‘झेक्का’वरून आले, आणि ‘झेक्का’ हा शब्द अरबी ‘सिक्का’पासून निघाला, जो आपल्याही बोलण्यात आहे. पाश्चात्त्य पोशाखावरील चमकत्या टिकल्यांना ‘सीक्विन’ म्हणतात, तेही याच नाण्याचे नाव!

1797 मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळेपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, या नाण्याचे रूप आणि त्याचा कस जवळजवळ बदलले नाहीत. डोजे बदलत गेले, त्यांची नावे बदलत गेली. चित्र तेच राहिले. दूरदेशीच्या बाजारात या नाण्याला जी पत लाभली ती त्यामुळेच. युरोपला मिरी हवी होती, कापड हवे होते. बदल्यात देण्याजोगा माल त्याच्यापाशी थोडा होता. म्हणून सोने इजिप्तमार्गे, तांबड्या समुद्रातून आणि होर्मुझच्या बाजूने हिंदुस्थानात येत राहिले. पुतळी पोर्तुगीजांनी आणली असे आपल्याकडे सहज म्हटले जाते, पण ते पुरते खरे नाही. 1882 साली भडोच येथे चौदाव्या शतकातील एक ठेवा सापडला. त्यात इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या नाण्यांबरोबर व्हेनिसचे डुकाटही होते. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्यापूर्वी शतकभराहून अधिक काळ आधीची ही गोष्ट आहे.

पुढे गोव्याच्या बाजारातही हे नाणे चालले. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची जंत्री आहे, तिच्यात पुतळी आढळते. लोकांनी नाण्यावरील आकृत्या आपापल्या अनुभवातून वाचल्या. आपण त्यांना पुतळ्या म्हटले. केरळात तर डोजेच्या हातातील ध्वजदंड लोकांना ताडाचे झाड वाटला आणि गुडघे टेकलेला डोजे ताडी काढणारा वाटला, म्हणून ते ‘चाणार काशु’ झाले. राज्यप्रमुखाच्या वाट्याला याहून विनोदी अवतार क्वचितच आला असेल.

आता मोलाकडे वळू. सोनार वजन आणि कस पाहतो. त्याच्या लेखी पुतळी म्हणजे साडेतीन ग्रॅम उत्तम सोने. संग्राहक आधी डोजेचे नाव वाचतो. नाणे जुने म्हणून महाग, ही समजूत टिकत नाही. अठराव्या शतकातील डोजेंचे, शेवटच्या लुदोविको मानिनसुद्धा, डुकाट इतके पाडले गेले आणि इतके उरले आहेत, की त्यांची किंमत सोन्याच्या भावापासून फार दूर जात नाही. उलट मारिनो फालिएरो हा 1354 मध्ये डोजे झाला आणि राज्य बळकावण्याच्या कटाबद्दल 1355 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. व्हेनिसच्या राजवाड्यात डोजेंच्या चित्रांच्या ओळीत त्याच्या जागी काळा पडदा रंगवला आहे. त्याच्या अल्प कारकिर्दीतील डुकाट विरळ, म्हणून मौल्यवान. गोव्याच्या टांकसाळीने सोळाव्या शतकात संत थॉमसची मूर्ती असलेले ‘सांतोमे’ हे सोन्याचे नाणे काढले. तेही आज दुर्मीळ असल्याने त्याची किंमत सोन्याच्या हिशेबात मांडता येत नाही.

दुसरा प्रश्न अस्सलपणाचा. पुतळीला मागणी इतकी होती की आपल्याकडील कारागिरांनी तिच्या प्रतिकृती केल्या. त्यांना लॅटिन येत नव्हते. म्हणून प्रार्थनेची अक्षरे नुसत्या उभ्या-आडव्या रेघा होऊन बसली, संत आणि डोजे खरोखरीच बाहुल्यांसारखे झाले. यांतील कित्येक प्रतिकृती चांगल्या सोन्याच्या आहेत, काही हिणकस. व्हेनिसच्या अस्सल नाण्याचा भाव त्यांना कोणी देणार नाही. तरी माझ्या मते इतिहासाच्या अभ्यासकाने त्या तुच्छ लेखू नयेत. व्हेनिसचे नाणे व्हेनिसबद्दल सांगते. रेघांची पुतळी आपल्याबद्दल सांगते.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते, आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातील लिलावाचे आकडे वाचून येथे हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

राहिली नाण्याची अवस्था. डुकाट पातळ असल्याने वापरात लवकर झिजतो, आणि आपल्याकडील पुतळ्यांना तर नाके झाळलेले असते किंवा भोक पाडलेले असते. संग्राहकाच्या लेखी हा मोठा दोष. त्याच डोजेचे न वापरलेले नाणे आणि नाके असलेले नाणे यांच्या किमतीत मोठी तफावत पडते. मात्र ही पुतळी मराठी घरात नांदली, हे नाण्यावर लिहिलेले असते ते फक्त त्या नाक्यामुळे. किंमत वाढेल या आशेने काही जण नाके काढून, घासून, नाणे बाजारात नेतात. कडेला राहिलेला व्रण जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही, घासल्याने डोजेचे नाव आणखी पुसट होते, आणि ती पुतळी माळेत पुन्हा ओवताही येत नाही.