निशाण कोणाचं, माल कोणाचा? आंग्रे आणि इंग्रज यांच्या भांडणाकडे कसं बघावं

देवळाली कॅम्पात राहणाऱ्याला तोफेचा आवाज नवा नाही. सरावाचे दणके ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे असेल, पण लढाई म्हटली की मी आधी तोफा मोजायचो. पीएच.डी.च्या पहिल्या आराखड्यात मी बिनधास्त लिहिलं होतं, 'आंग्र्यांच्या चाचेगिरीमुळे इंग्रजांशी युद्ध झालं.' मार्गदर्शकांनी एका शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, "चाचेगिरी हा शब्द कोणाचा?"

शब्द मुंबईकर इंग्रजांचा होता. मी तो त्यांच्या कागदांतून उचलून स्वतःचा निष्कर्ष म्हणून मांडला होता.

आता मूळ भांडण बघा. कान्होजी आंग्रे हे शाहू महाराजांचे सरखेल. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपलं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं असा त्यांचा आग्रह होता. यात नवं काही नव्हतं. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हेच करत होते आणि कंपनीही स्वतःचे पास देत होती. खरी अडचण वेगळीच होती. कंपनीचं जहाज सोडलं, तरी कंपनीच्या नोकरांचा खासगी माल, देशी व्यापाऱ्यांचा माल, इंग्रजी निशाणाखाली चाललेलं गलबत, यांचं काय? इंग्रजांचं म्हणणं, आमचं निशाण दिसलं की हात लावायचा नाही. आंग्र्यांचं म्हणणं, निशाणाआड कोणीही लपेल.

१७१२ मध्ये आंग्र्यांनी मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज पकडलं. नंतर तह झाला, पण निशाणाचा प्रश्न सुटला नाही. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून गव्हर्नर म्हणून आला आणि त्याने आरमार वाढवलं. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२१ मध्ये पोर्तुगिजांसोबत कुलाबा, अशा तिन्ही मोहिमा फसल्या.

याच्या शेजारी १८१२ चं अमेरिका-ब्रिटन युद्ध ठेवून बघा. नेपोलियनशी लढताना ब्रिटन तटस्थ अमेरिकी जहाजं अडवत होतं, माल जप्त करत होतं, वर खलाशी उचलून आपल्या आरमारात भरती करत होतं. १८०७ मध्ये 'लेपर्ड'ने 'चेसापीक'वर तोफा डागून चार खलाशी नेले. १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने युद्ध पुकारलं. गंमत अशी की 'आमच्या निशाणाखालचं जहाज अडवू नका' हे तिथे अमेरिका म्हणत होती आणि ऐकून घेत नव्हतं ते ब्रिटन!

पण इथे घाई करू नका. 'इंग्रजांचा दुटप्पीपणा' असं शीर्षक मलाही सुचलं होतं. मात्र कोकणात व्यापारी कंपनी होती, अटलांटिकवर राजाचं आरमार. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं. तुलनेतून निष्कर्ष लगेच निघत नाही, प्रश्न मात्र नेमका होतो. माझा प्रश्न आता असा आहे: समुद्रावर परवाना देण्याचा हक्क कोणाचा, हे कोण आणि कशाच्या जोरावर ठरवत होतं?

हा प्रश्न घेतल्यावर तेच कागद मी पुन्हा वाचतो आहे. आधी 'लूट' म्हणून सोडून दिलेल्या नोंदींत आता जहाज कोणाचं, माल कोणाचा, पास कोणाचा हे शोधतो. काम दुप्पट झालं आहे, पण आता ते माझं आहे.

तुमचा आराखडा देण्याआधी एवढं करा. शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने लिहा, हा शब्द मूळ कोणत्या बाजूचा आहे.