सभ्य गृहस्थांचा करार

अन्याय कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला असला म्हणजे निदान त्याच्याविरुद्ध न्यायालयात उभे राहता येते. जो कोठेच लिहिलेला नसतो, जो चार प्रतिष्ठित माणसे केवळ मान डोलावून ठरवतात, त्याच्याशी झगडणे फार अवघड असते. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात असा एक करार कित्येक दशके नांदला. त्याचे नावही मोठे शिष्ट होते: ‘सभ्य गृहस्थांचा करार’. दक्षिणेकडील महाविद्यालयाशी सामना असला की उत्तरेकडील महाविद्यालयाने आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला घरी ठेवावे, हे त्यातले मुख्य कलम. बास्केटबॉलमध्ये उत्तरेतही त्याची एक पुरवणी होती. एका वेळी मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडू दोन असावेत, फार तर तीन. खेळाडू थट्टेने म्हणत, घरच्या मैदानावर दोन, परक्या मैदानावर तीन आणि हार समोर दिसू लागली तर चार!

या करारासंबंधी कॅथलिक, त्यातही येशूसंघीय महाविद्यालये कशी वागली याची थोडी हकीकत येथे सांगावयाची आहे. आपल्या मुंबईचे सेंट झेवियर्स ज्या येशूसंघाने १८६९ साली स्थापन केले, त्याच संघाची ही अमेरिकेतील भावंडे. तेव्हा ही घरातलीच गोष्ट समजावयाची. तिच्यात अभिमानाचा भाग आहे, तसा शरमेचाही आहे. आणि शरमेचा आधी सांगितलेला बरा. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्रीपुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकली. त्या पैशातला काही भाग जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्याकडे गेला. जी माणसे विकली त्यांना बाप्तिस्मा दिलेला होता, ही गोष्ट व्यवहाराच्या आड आली नाही.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, ११ फेब्रुवारी १९४४ रोजी, सेंट लुईस विद्यापीठाच्या चर्चमध्ये फादर क्लॉड हाइटहाउस यांनी प्रवचनाच्या वेळी वर्णभेदाला उघडपणे पाप म्हटले. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने प्रथमच ५ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. मात्र प्रवेश देऊनही त्यांना बरोबरीने वागवले जात नाही, असे फादर पुढेही बोलत राहिले, तेव्हा वरिष्ठांनी त्यांना तेथून हलवले. आपल्याकडे संदेष्ट्यांच्या वाट्याला जे येते तेच त्यांच्या वाट्याला आले, एवढेच म्हणता येईल.

आता मैदानाकडे वळू. १९५१ सालच्या हंगामातल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली २० ऑक्टोबरची, ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथली. ड्रेक विद्यापीठाचा जॉनी ब्राइट हा कृष्णवर्णीय फुटबॉलपटू त्या वर्षीच्या देशातील उत्तम खेळाडूंत गणला जात होता. चेंडू त्याच्याजवळ नसताना प्रतिस्पर्धी संघातील एका श्वेतवर्णीय खेळाडूने सामन्याच्या प्रारंभीच त्याच्या तोंडावर आघात केले आणि त्याचा जबडा मोडला. पंचांनी दंड केला नाही. पण आयोवातील एका वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी ते क्षण एकापाठोपाठ एक टिपले होते. त्या छायाचित्रमालेला १९५२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि शिरस्त्राणाला तोंडापुढे जाळी लावण्याची प्रथा वाढण्यास तिचा हातभार लागला. यजमान विद्यापीठाने खेद व्यक्त केला तो २००५ साली. ब्राइट १९८३ मध्येच वारला होता.

दुसरी घटना सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाची. हे विद्यापीठ येशूसंघीय आणि आर्थिक ओढगस्तीतले. त्या वर्षी त्यांच्या फुटबॉल संघाने ९ पैकी ९ सामने जिंकले. संघात दोघे कृष्णवर्णीय होते: ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. चेंडू घेऊन धावण्यात त्या वर्षी मॅटसनने देशातल्या सर्वांना मागे टाकले होते. अमेरिकेत हंगाम संपल्यावर, नववर्षाच्या सुमारास, निवडक संघांना ‘बाउल’ नावाच्या सामन्यांचे आमंत्रण येते. त्यात कीर्ती असते आणि भरपूर पैसाही असतो. त्या पैशावर या विद्यापीठाचा फुटबॉल विभाग तगला असता. दक्षिणेतून सूचना आली ती अशी की, मॅटसन आणि टोलर यांना मागे ठेवाल तर आमंत्रणाचा विचार करता येईल. संघाने नकार दिला. त्यासाठी फार मोठी सभा भरली नाही की भाषणे झाली नाहीत. संघातला जीनो मार्केटी हा इटालियन वंशाचा तरुण दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला होता. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळलो त्यांना सोडून जायचे, हा प्रश्नच त्याला आणि त्याच्या सोबत्यांना समजेना. आमंत्रण आले नाही. हंगाम संपताच विद्यापीठाने पैशाअभावी तो विभाग बंद केला.

तत्त्वासाठी दिलेली किंमत खरीखुरी असते, ती अशी. त्या मुलांचा संघच नाहीसा झाला. त्यांतले ९ जण पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले हे खरे. टोलरचा गुडघा १९५२ मध्ये एका सामन्यात जायबंदी झाला आणि त्याचे खेळणे तेथेच संपले. तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोतील एका शाळेचा मुख्याध्यापक झाला आणि १९६५ साली व्यावसायिक फुटबॉलमधील पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. त्याला तेथे आणणारा क्रीडाप्रमुख पीट रोझेल हा १९५१ मध्ये त्याच विद्यापीठाच्या क्रीडा विभागात प्रसिद्धीचे काम पाहत असे. मॅटसन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवून आला. वाचकांच्या लक्षात येईलच की याच हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. त्यांना तेथवर पोचण्यासाठी गावोगाव वर्गणी गोळा करावी लागली होती.

याच सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात पुढे बिल रसेल आणि के. सी. जोन्स आले. १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन वर्षे विद्यापीठाने बास्केटबॉलचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. डिसेंबर १९५४ मध्ये ओक्लाहोमा सिटी येथे हॉटेलवाल्यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना खोल्या नाकारल्या, तेव्हा सारा संघ सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका वसतिगृहात एकत्र राहिला.

परंतु करार खऱ्या अर्थाने मोडला तो शिकागोच्या लोयोला विद्यापीठाने. तेथील प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड यांनी १९६२-६३ च्या हंगामात पाच जणांच्या संघात चार कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले: न्यूयॉर्कचे जेरी हार्कनेस व रॉन मिलर आणि नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलमधून आलेले लेस हंटर व व्हिक राउझ. पाचवा, जॉन ईगन, शिकागोचा श्वेतवर्णीय मुलगा. डिसेंबर १९६२ मध्ये वायोमिंगविरुद्धच्या सामन्यात तर काही वेळ पाचही जण कृष्णवर्णीय होते. आयर्लंड हे काही समाजसुधारक नव्हते. त्यांना जिंकावयाचे होते आणि जिंकून देणारी मुले कोणत्या वस्तीत सापडतात हे त्यांनी हेरले होते. प्रस्तुत लेखकाला त्यात वावगे वाटत नाही. परमेश्वर माणसाच्या शुद्ध हेतूंची वाट पाहत बसला असता तर जगात फारच थोडी सत्कर्मे घडली असती.

मात्र त्याची झळ प्रशिक्षकापेक्षा मुलांनाच अधिक लागली. त्याच्या आदल्या हंगामात न्यू ऑर्लिन्सला गेले असता विमानतळावरून संघाची दोन गटांत विभागणी झाली. श्वेतवर्णीय हॉटेलात गेले आणि कृष्णवर्णीयांना वेगळ्या टॅक्सीने त्यांच्या समाजातील कुटुंबांच्या घरी पाठवण्यात आले. त्याच शहरात एप्रिल १९६२ मध्ये आर्चबिशप रमेल यांनी कॅथलिक शाळांतील वर्णभेद उठवण्यास विरोध करणाऱ्या तिघांना धर्मबहिष्कृत केले, हेही नमूद केले पाहिजे. फेब्रुवारी १९६३ मध्ये ह्यूस्टन येथे प्रेक्षकांनी लोयोलाच्या मुलांवर शिव्यांचा आणि हाती लागेल त्या वस्तूंचा वर्षाव केला. पुढे हार्कनेसच्या वसतिगृहाच्या पत्त्यावर कू क्लक्स क्लॅनची धमकीची पत्रे येऊ लागली. विशीबाविशीतला तो मुलगा. पत्ता त्यांना ठाऊक आहे, याचीच त्याला अधिक भीती वाटली.

आणि अशा वेळी राष्ट्रीय स्पर्धेत त्यांची गाठ पडली मिसिसिपी स्टेट विद्यापीठाशी. मिसिसिपी राज्य म्हणजे वर्णभेदाचा बालेकिल्ला. तेथेच १९६२ च्या शरदात जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल होऊन दोघे ठार झाले होते. राज्यातील संघांनी कृष्णवर्णीयांबरोबर खेळू नये असा तेथे दंडक होता. तोही अलिखित! त्यापायी मिसिसिपी स्टेटने १९५९, १९६१ आणि १९६२ असे तीनदा आपल्या विभागात यश मिळवूनही राष्ट्रीय स्पर्धेवर पाणी सोडले होते. चौथ्या वेळी, मार्च १९६३ मध्ये, विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कॉल्व्हर्ड यांनी जाहीर केले की संघ जाईल. राज्यपाल रॉस बार्नेट यांनी विरोध दर्शवला. एका राज्य सिनेटरने पुढाकार घेऊन १३ मार्च रोजी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला.

पुढचा प्रकार एखाद्या नाटकात शोभावा असा आहे. हुकूम हाती पडू नये म्हणून अध्यक्ष महाशय राज्याबाहेर अलाबामात गेले. प्रशिक्षक बेब मॅकार्थी आधीच सीमा ओलांडून टेनेसीत पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुय्यम खेळाडूंना विमानतळावर पुढे पाठवण्यात आले. कोणी अटकाव केलाच तर तेच अडकावेत आणि मुख्य खेळाडू मोकळे राहावेत, ही युक्ती. अडवणारे कोणी नाही अशी खात्री होताच मुख्य खेळाडू आले, विमान उडाले आणि नॅशव्हिल येथे प्रशिक्षक त्यांना मिळाले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी त्याच दिवशी मनाई हुकुमाला स्थगिती दिली. मिसिसिपीच्या त्या श्वेतवर्णीय मुलांना खेळावयाचे होते, ही गोष्ट इतिहास सांगताना बरेचदा निसटते.

१५ मार्च १९६३, उपवासकाळातला शुक्रवार. मिशिगन राज्यातील ईस्ट लान्सिंग येथे हार्कनेस आणि मिसिसिपीचा कर्णधार जो डॅन गोल्ड हस्तांदोलनासाठी मध्यभागी आले, तेव्हा छायाचित्रकारांच्या दिव्यांचा असा लखलखाट झाला की हा साधा खेळ नव्हे हे आपल्याला त्या क्षणी उमगले, असे हार्कनेस पुढे सांगत असे. सामना सभ्यपणे झाला. लोयोलाने तो ६१-५१ असा जिंकला. २३ मार्च रोजी लुइव्हिल येथे अंतिम सामन्यात सिनसिनाटीविरुद्ध उत्तरार्धात १५ गुणांनी मागे पडूनही लोयोलाने बरोबरी साधली. जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी राउझने परत आलेला चेंडू टोपलीत टाकला आणि सामना ६०-५८ असा संपला. दोन्ही संघांच्या सुरुवातीच्या दहा खेळाडूंपैकी सात कृष्णवर्णीय होते. लोयोलाचे पाचही जण पूर्ण ४५ मिनिटे एकदाही न बदलता खेळले. या पाचही जणांनी पुढे पदवी घेतली. त्या सामन्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, पवित्र गुरुवारी, पोप जॉन तेविसावे यांचे ‘पाचेम इन तेर्रिस’ हे विश्वपत्र प्रसिद्ध झाले. वांशिक भेदभावाचे कोणत्याही प्रकारे समर्थन करता येत नाही, हे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. जूनमध्ये मिसिसिपीतच मेडगर एव्हर्स यांची त्यांच्या घरासमोर गोळी घालून हत्या झाली.

२०११ साली जो डॅन गोल्ड वारला. हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला गेला. शवपेटीजवळ त्या हस्तांदोलनाचे छायाचित्र ठेवलेले होते. हार्कनेस स्वतः २०२१ मध्ये निवर्तला.

पैशाच्या बाबतीत थोडक्यात एवढेच सांगतो. या खेळांवर विद्यापीठे, प्रशिक्षक आणि दूरचित्रवाणी कंपन्या गबर झाल्या. खेळणाऱ्या मुलांना, ज्यांत पुढे कृष्णवर्णीयांचे प्रमाण फार मोठे झाले, शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्यास मनाई होती. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या बंधनांविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि २०२५ मध्ये एका तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. हार्कनेसच्या पिढीला त्याचा काय उपयोग?

हंटर आणि राउझ ज्या पर्ल हायस्कूलचे, त्याच शाळेचा पेरी वॉलेस हा विद्यार्थी १९६६ साली नॅशव्हिलच्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठात दाखल झाला. दक्षिणेतील ज्या गटात मिसिसिपी स्टेट खेळत असे, त्या गटात मुख्य संघातून बास्केटबॉल खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय. हे १९६७ चे वर्ष. लोयोलाच्या मुलांना निदान एकमेकांची सोबत होती. वॉलेसबरोबर आलेल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला दुखापतीनंतर मुख्य संघात स्थान मिळाले नाही आणि वॉलेस एकटा पडला. मिसिसिपीत एका सामन्यात त्याच्या डोळ्याला मार लागला तेव्हा प्रेक्षकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. १९७० मध्ये पदवी हाती पडल्यावर त्याने एका वृत्तपत्राशी बोलताना त्या चार वर्षांचा एकाकीपणा शांतपणे, कोणालाही दूषण न देता सांगितला, तर शहर त्याच्यावर रुष्ट झाले. तो कायद्याचा प्राध्यापक झाला आणि २०१७ मध्ये वारला. त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी एक मैदानावरची नाही. विद्यापीठात आल्यावर पहिल्या वर्षी तो रविवारी जवळच्या एका प्रॉटेस्टंट चर्चमध्ये उपासनेला जाऊ लागला. काही रविवार गेल्यावर तेथील वडीलमंडळींनी त्याला बाजूला बोलावले आणि अतिशय सभ्य शब्दांत सांगितले की, आपण येत राहिलात तर सभासदांपैकी काही जण आपल्या मृत्युपत्रातून चर्चचे नाव काढून टाकतील.