आसक्ती सैल कशी होते ?

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाची हद्द जेथे संपत असे, त्या भागाला हे नाव पडले. मनही 'माझे' या शब्दाने अशीच शीव आखते. शीव, दादर, परळ येथे जुन्या चाळींचा पुनर्विकास होतो, तेव्हा नवी मोठी सदनिका मिळणार असूनही अनेकांचा जीव दहा बाय बाराच्या जुन्या खोलीत अडकतो. या अडकण्यालाच आसक्ती म्हणतात.

१. आसक्तीचे मूळ
भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२ आणि ६३) हा क्रम दिला आहे. विषयाच्या सततच्या चिंतनाने आसक्ती, तिच्यातून इच्छा, इच्छेतून क्रोध आणि शेवटी बुद्धीचा नाश होतो. म्हणजेच आसक्तीचे मूळ वस्तूत नसून चिंतनात आहे. त्यामुळे केवळ वस्तू सोडल्याने ती सुटत नाही.

२. खेतवाडीतील उदाहरण
गिरगावाजवळील खेतवाडीत मारुती शिवरामपंत कांबळी (१८९७ ते १९८१) हे विड्यांचा व्यवसाय करत. १९३३ मध्ये त्यांना श्री सिद्धरामेश्वर महाराज भेटले. 'मी आहे' या जाणिवेवर मन स्थिर ठेवावे, ही साधना गुरूंनी दिली. १९३६ मध्ये गुरूंनी देह ठेवल्यावर १९३७ मध्ये कांबळी घर सोडून भ्रमंतीस निघाले. सुमारे आठ महिन्यांनी ते परतले, तेव्हा भरभराटीच्या व्यवसायातील एक लहान दुकानच उरले होते. गेलेले परत उभे करण्यासाठी ते धडपडले नाहीत. त्या एका दुकानावर त्यांनी संसार चालवला आणि घरीच जिज्ञासूंना मार्गदर्शन केले. तेच निसर्गदत्त महाराज होत. पत्नी, मुले, दुकान हे सर्व तसेच होते. 'माझे' ही पकड तेवढी सुटली होती.

३. साधकाने काय करावे ?
अ. प्रतिदिन ठराविक वेळी शांत बसून नामजप करावा किंवा 'मी आहे' या जाणिवेकडे लक्ष द्यावे.
आ. मन अस्वस्थ झाल्यास 'माझे काय दुखावले', असे स्वतःला विचारावे. उत्तर लिहून ठेवावे.
इ. कर्तव्य टाळू नये. जबाबदारी झटकणे म्हणजे वैराग्य नव्हे.

प्रेमात समोरच्याचे हित पाहिले जाते, तर आसक्तीत स्वतःचा हक्क. हा भेद प्रसंगी ओळखता येऊ लागला की, शीव पुसट होऊ लागली आहे, असे समजावे.