माल निवडावा की घडवावा?

आपल्या नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डाळ चांगली करण्याचे मार्ग दोन. भरडून झाल्यावर सुपात पाखडून खडे वेचावेत, हा एक. आणि तूर वाळविण्या-भरडण्यातच अशी दक्षता घ्यावी की वेचावयास फारसे उरूच नये, हा दुसरा. कारखानदारीतील गुणवत्तेचा इतिहास म्हणजे बहुतांशी पहिल्या मार्गाकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास होय.

पूर्वी तपासनीस तयार मालातून खराब नग बाजूस काढी. पण त्या नगावर लोखंड, मजुरी, वेळ सारे आधीच खर्ची पडलेले असे. अमेरिकेत बेल टेलिफोन समूहातील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख मांडला. मालात थोडाफार फरक पडावयाचाच. परंतु तो नेहमीचा की काही बिघडल्याची खूण, हे आलेखामुळे काम चालू असतानाच उमगू लागले. महालनोबिस यांच्या प्रयत्नाने शूहार्ट १९४७-४८ च्या सुमारास भारतातही येऊन गेले. १९५० साली डेमिंग यांनी आणि १९५४ साली जुरान यांनी जपानी उद्योगपतींना हा विचार समजावून दिला.

मात्र पुढे दुसऱ्या मार्गाच्या प्रवाशांतच मतभेद झाला. जुरान म्हणत, वापरणाऱ्याच्या उपयोगी पडेल तोच माल उत्तम. क्रॉस्बी यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात ठरलेल्या मापाशी तंतोतंत जुळणे हीच गुणवत्ता मानली आणि 'शून्य दोष' हे ध्येय ठेवले. डेमिंग यांना कामगारांपुढे अशा घोषणा लावणे मुळीच मान्य नव्हते. बहुतेक दोष कामाच्या व्यवस्थेत असतात आणि व्यवस्था बदलणे कामगाराच्या हाती नसते, असे त्यांचे म्हणणे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. यंत्र झिजलेले, कच्चा माल हलका, आणि दंड मात्र मजुराला, हा न्याय की अन्याय, असा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. क्रॉस्बीही जबाबदारी व्यवस्थापकांवरच टाकतात. पण भिंतीवरची घोषणा स्वस्त असते आणि यंत्रदुरुस्ती महाग, म्हणून पुष्कळ ठिकाणी घोषणाच तेवढी उरते.

महाराष्ट्राशी निगडित उदाहरण घ्यावयाचे तर महिंद्र कंपनीच्या ट्रॅक्टर विभागाचे घेता येईल. डेमिंग यांच्या नावाचे जपानी पारितोषिक त्याने २००३ साली मिळविले. जगातील कोणत्याही ट्रॅक्टर उत्पादकाला तोवर ते लाभले नव्हते.

तेव्हा सूप टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. परंतु सुपात रोज तेच खडे येत असतील, तर पाखडणारीला बोल लावण्यापूर्वी धन्याने खळे पाहून यावे.