रक्तचाचण्या आणि रुग्णालयातील मुक्काम

रुग्णाला घरी कधी सोडणार, याचा अंदाज रक्तातील काही घटकांवरून बांधता येतो. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईसारख्या शेतीच्या गावांसाठी घोणसदंश हे त्याचे जवळचे उदाहरण.

स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत साप चावलेल्या रुग्णाचे २ मिली ताजे रक्त घ्यायचे, २० मिनिटे नळी हलवायची नाही, मग तिरपी करायची. रक्त पाण्यासारखे ओघळले, तर विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे. यंत्र नको, वीज नको! पुढे रक्तातील क्रिॲटिनिन चढले आणि लघवी घटली, की मूत्रपिंडे बाधित झाल्याचे कळते. डायलिसिस लागले तर मुक्काम लांबतो.

मांत्रिकाकडे गेलेले तास अहवालात दिसत नाहीत, पण प्रतिविषाला उशीर करतात. मुक्काम लांबण्यात वय, मधुमेह यांचाही वाटा असतोच. रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असलेल्या वृद्धाची जखम सावकाश भरते.