क्लीव्हलँड स्पायडर्सचा १८९९ चा हंगाम

अमेरिकेतील नॅशनल लीग या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेतील क्लीव्हलँड स्पायडर्स संघाचा अखेरचा हंगाम. २० विजय, १३४ पराभव. प्रमुख लीगमधील एका हंगामातील पराभवांचा हा उच्चांक आजही अबाधित आहे. दोष खेळाडूंपेक्षा मालकांचा अधिक. संघमालक रॉबिसन बंधूंनी सेंट लुईसचा संघही विकत घेतला आणि साय यंग, जेसी बर्केट यांच्यासारखे मोहरे तिकडे हलवले. एकाच स्पर्धेत एकाच मालकाचे दोन संघ, हे तेव्हा चालत असे! प्रेक्षकांनी पाठ फिरवल्यावर घरचे अनेक सामने परगावी नेण्यात आले. परगावच्या सामन्यांत एकूण तब्बल १०१ पराभव पदरी पडले. शेवटच्या ४१ सामन्यांपैकी ४० गमावले. हंगामानंतर लीगने बारापैकी चार संघ वगळले. त्यांत क्लीव्हलँडही होता.